ताडपत्रीच्या आधी जमीन : आपत्कालीन निवारा झटपट आणि टिकाऊ कसा उभारावा

आपत्तीनंतरच्या निवाऱ्याचा विचार करताना नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी ताडपत्री येते. ताडपत्री हाताशी असली की आपली सोय झाली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ताडपत्री हा या कामातला सर्वांत शेवटचा भाग आहे. निवारा किती दिवस टिकणार हे जागेची निवड, मेढी (उभे खांब) जमिनीत किती खोल गेल्या, सांगाड्याला तिरके आधार आहेत की नाहीत आणि छपरावरचे पाणी कुठे जाते, या चार गोष्टींवर ठरते. वाऱ्याने उडालेले निवारे जवळून पाहिले, तर बहुतेक वेळा कापड शाबूत असते आणि दोर सुटलेला, खुंटी उपटलेली किंवा मेढ कलंडलेली असते. म्हणून या लेखात कापडापेक्षा जमिनीबद्दल आणि सांगाड्याबद्दल अधिक लिहिले आहे.

एक साधा हिशेब सुरुवातीलाच पाहून ठेवावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ४८ किलो वजनाइतका दाब निर्माण करतो. २० ते २२ चौरस मीटरच्या छपराखाली असा वारा शिरला, तर छपराला वर उचलणारे बल जवळपास एक टनापर्यंत जाऊ शकते. त्या छपराची ताडपत्री मात्र जेमतेम पाच किलोची असते. वजनाचा हा फरक कापडाच्या दर्जाने भरून निघत नाही, तो सांगाडा आणि जमीन यांच्या पकडीनेच भरून काढावा लागतो.

तयारी : किती जागा, कोणते सामान

मदतकार्यातील संस्था जगभर जी किमान मानके पाळतात, त्यांत माणशी ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा धरलेली आहे. यात स्वयंपाकाची आणि आंघोळीची जागा मोजलेली नाही. थंड हवामानात, किंवा या गोष्टी आतच कराव्या लागणार असतील तेव्हा, हा आकडा ४.५ ते ५.५ चौरस मीटर होतो. पाच जणांच्या कुटुंबासाठी १७.५ चौरस मीटर लागतात, आणि ३.२ मीटर रुंद व ५.५ मीटर लांब निवाऱ्यात ती गरज बरोबर भागते. पुढे सांगितलेली सगळी मापे याच निवाऱ्याची आहेत. मदतकार्यात सर्रास वापरली जाणारी ताडपत्री ४ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब असते, तिच्याशीही ही मापे जुळतात, त्यामुळे छपरासाठी कापड कापावे किंवा जोडावे लागत नाही. जोड नसलेले छप्पर हे गळतीवरचे निम्मे औषध आहे.

ताडपत्री घेताना तिचा रंग पाहू नये, वीण पाहावी. विणलेल्या प्लास्टिक धाग्यांवर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप, कडेला जाड पट्टी आणि त्या पट्टीत ठरावीक अंतरावर भोके, अशी ती असावी. आतले धागे काळे असतील तर उत्तम, कारण काळा रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आत शिरू देत नाही आणि धागा लवकर कुजत नाही. स्वस्तातली पातळ ताडपत्री उन्हात ठिसूळ होते आणि हाताने दाबली तरी तिचे तुकडे पडू लागतात. पहिल्या पंधरवड्यात दोन्ही सारख्याच दिसतात, पण काही महिने उलटले की फरक कळतो, आणि तेव्हा बदलायला दुसरी मिळेलच असे नाही.

एका निवाऱ्याला तीन ताडपत्र्या लागतात : एक छपराला, एक लांबीच्या दोन भिंतींना आणि एक पुढच्या-मागच्या बाजूंना. दोनच असतील तर पुढची-मागची बाजू चटई, जुने जाड कापड किंवा कुडाने झाकता येते. बांबू वापरायचे ठरवले तर २.४ मीटरच्या सहा मेढी बाजूंना आणि ३.२५ मीटरच्या तीन मेढी मधोमध लागतील. या मेढींचा व्यास साधारण ७५ ते १०० मिलिमीटर असावा. ५.८ मीटर लांबीच्या तीन काठ्या हव्यात, त्यांपैकी एक आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्याला, आणि दोन बाजूंच्या मेढींवर आडव्या टाकायला. १.९ मीटरचे बारा वासे, वाशांच्या खालच्या टोकांना बांधायला ५.८ मीटरच्या दोन बारीक काठ्या, ३.३ मीटरचे चार आणि २.४ मीटरचे तीन तिरके आधार, एवढा लाकूडफाटा पुरेसा आहे. शिवाय जाड दोर, बारीक सुतळी, थोडी बांधणीची तार, पहार, कुदळ, फावडे, करवत, कोयता, हातोडी, खिळे, मोजपट्टी, ओळंबा आणि जाड हातमोजे.

बांबू तीन ते पाच वर्षांचा पक्व असावा. कोवळा बांबू वाळताना चिरतो, आकसतो आणि त्याला कीडही लवकर लागते. साठवून ठेवायचा असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून, सावलीत वाळवून, जमिनीपासून उचलून ठेवावा. बांबूत थेट खिळा ठोकू नये. तो उभा फाटतो आणि ती फाट पुढे वाढत जाते. आधी भोक पाडून मगच खिळा किंवा बोल्ट घालावा, नाहीतर सरळ दोराची बांधणी करावी. मला स्वतःला बांधणीच अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात बांबू थोडा हलला तरी जोड तुटत नाही आणि ढिला पडलेला दोर पुन्हा आवळता येतो.

सामान जमवले म्हणजे तयारी झाली असे समजू नये. किमान एकदा, शांत हवामानात, सगळा निवारा प्रत्यक्ष उभारून पाहावा आणि पुन्हा सोडवून ठेवावा. सराव असलेल्या पाच-सहा जणांना असा निवारा एका दिवसात उभा करता येतो. सराव नसेल तर तेवढाच वेळ कोणती काठी कुठे जाते या वादात निघून जातो. सोडवताना प्रत्येक काठीवर रंगाने खूण करावी : मेढीला एक रेघ, वाशाला दोन, तिरक्या आधाराला फुली. रात्री, पावसात, विजेरीच्या उजेडात काम करायची वेळ आली तर या खुणांची किंमत कळते.

पहिली रात्र

आपत्तीच्या पहिल्या काही तासांत पूर्ण सांगाड्याचा हट्ट धरू नये. दोन भक्कम आधारांमध्ये छातीच्या उंचीवर दोर ताणून त्यावरून ताडपत्री टाकावी, दोन्ही कडा खाली खुंट्यांना बांधाव्यात आणि वाऱ्याच्या दिशेची बाजू जमिनीलगत ठेवावी. आधार म्हणून तडे गेलेली भिंत, वाकलेला विजेचा खांब किंवा मुळे उघडी पडलेले झाड घेऊ नये. भूकंपानंतर मागाहून येणारे धक्के अशाच अर्धवट उभ्या गोष्टी पाडतात. अंगाखाली काहीतरी जाड घालण्याला या रात्री विशेष महत्त्व आहे, कारण ओली जमीन अंगातील ऊब हवेपेक्षा वेगाने ओढून घेते. गवत, पुठ्ठा, गोण्या, जे मिळेल ते पांघरुणाआधी अंथरावे. ताडपत्री कापू नये, कारण दुसऱ्या दिवशी ती अखंडच लागणार आहे.

जागा निवडणे

जागा दिवसाउजेडी, चालत फिरून निवडावी. पाणी कुठवर चढले होते याच्या खुणा भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर आणि कुंपणात अडकलेल्या काडीकचऱ्यात दिसतात. निवारा त्या खुणांपेक्षा वर असावा. कोरड्या ओढ्याचे सपाट पात्र नवख्याला फार मोहात पाडते, पण ते पाण्यानेच सपाट केलेले असते. डोंगरउताराच्या पायथ्याशी तिरकी झालेली झाडे, जमिनीतील ताज्या भेगा किंवा अचानक फुटलेले झरे दिसले तर ती जागा सोडून द्यावी. विजेच्या तारा, मोठ्या फांद्या आणि नुकसान झालेल्या इमारतींपासून लांब राहावे. इमारत कोसळली तर तिचा ढिगारा कुठवर येईल याचा अंदाज घेऊन, इमारतीच्या उंचीहून बरेच अधिक अंतर सोडावे.

अगदी सपाट जमीनही चांगली नाही. शंभर मीटरला एक ते पाच मीटर उतरणारी जमीन सर्वांत सोयीची, कारण पाणी आपोआप वाहून जाते आणि माती मात्र वाहून जात नाही. पहारीने एक हात खोल खड्डा करून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. तासाभरानंतरही पाणी तसेच साचून राहिले तर पुढे सांगितलेला चर अधिक रुंद आणि खोल करावा लागेल.

अनेक कुटुंबे एकत्र राहणार असतील तर दोन निवाऱ्यांमध्ये किमान २ मीटर अंतर सोडावे, आणि जागा असेल तर निवाऱ्याच्या उंचीच्या दुप्पट. मोठ्या छावणीत दर ३०० मीटरनंतर ३० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा राखतात, तो आग पसरू नये म्हणून. रस्ते, शौचालये, पाण्याची जागा, स्वयंपाक आणि मोकळे पट्टे हे सगळे धरून छावणीत माणशी ४५ चौरस मीटर जमीन लागते. हा आकडा ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, आणि म्हणूनच छावणीची जागा आपत्तीनंतर शोधू नये, आधीच ठरवून मोजून ठेवावी.

आखणी आणि मेढी

चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकून ३.२ गुणिले ५.५ मीटरचा आयत सुतळीने आखावा. अरुंद बाजू नेहमीच्या वाऱ्याकडे असावी, म्हणजे वाऱ्याला तोंड देणारी भिंत लहान राहते. दार मात्र वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत : दोन्ही सारखे, म्हणजे सुमारे ६.३६ मीटर, आले पाहिजेत. एका कर्णाची लांबी अधिक आली तर आयत कललेला आहे, आणि तो तसाच ठेवला तर छपराची ताडपत्री एका कोपऱ्यात अपुरी पडते व दुसऱ्या कोपऱ्यात लोंबते.

लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खड्डे, प्रत्येकी २.७५ मीटर अंतरावर, आणि मधल्या रेषेवर तीन खड्डे घ्यावेत. खड्डा ६० सेंटिमीटर खोल हवा. या कामात माणसे सर्वाधिक काटकसर इथेच करतात. कठीण जमीन लागली की ४० सेंटिमीटरवर थांबतात आणि वरून माती लोटतात. तसे करू नये. पहारीने आणखी वीस सेंटिमीटर खोदायला लागणारी मेहनत ही सबंध निवाऱ्यातील सर्वांत फलदायी मेहनत आहे. खड्डा रुंद मात्र करू नये, मेढीभोवती जेमतेम तळहात मावेल एवढाच ठेवावा.

मेढीचा जमिनीत जाणारा भाग आणि जमिनीच्या वरचे १५-२० सेंटिमीटर डांबराने माखावेत, कारण लाकूड किंवा बांबू सर्वांत आधी जमिनीच्या पातळीवर कुजतो, तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. खड्ड्याच्या तळाशी एक चपटा दगड ठेवून त्यावर मेढ उभी करावी आणि ओळंबा लावून दोन दिशांनी सरळ करावी. मग भोवती आधी दगडांचे तुकडे, मग माती, पुन्हा दगड, असे थर घालावेत आणि प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठेचून घट्ट करावा. शेवटी मेढीला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावे. ती हलली तर वरची माती काढून पुन्हा ठेचावे. वर आणखी माती लोटल्याने तो दोष जात नाही. बाजूच्या मेढी जमिनीपासून १.८ मीटर आणि मधल्या २.६५ मीटर उंच राहतील. छपराला यातून सुमारे २८ अंशांचा उतार मिळतो, तो पाणी थांबू न देण्याइतका तीव्र आहे आणि वाऱ्यालाही फार अंगावर घेत नाही.

आढे, वासे आणि तिरके आधार

बांबूच्या मेढीचे वरचे टोक पेराच्या (गाठीच्या) थोडे वर कापून त्याला खोबण करावी. खालचे पेर भार पेलते आणि बांबू दबून फाटत नाही. या खोबणीत आडव्या काठ्या आणि आढे बसवून दोराने बांधावे. दोर आधी मेढीला दोनदा गुंडाळून पक्का करावा, मग काठीवरून आणि मेढीभोवती आलटून-पालटून चार-पाच वेढे घ्यावेत. शेवटी दोन लाकडांच्या मधून त्या वेढ्यांनाच आडवे दोन-तीन वेढे घालून खच्चून आवळावे. हे शेवटचे आडवे वेढे विसरले जातात, आणि खरी घट्ट पकड त्यांचीच असते. दोर ओला करून बांधल्यास काथ्या वाळताना आणखी आवळतो. नायलॉनच्या दोराचे उलट आहे, तो ताणाखाली थोडा सैल पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावा लागतो.

आता वासे चढवण्याची घाई होते, पण त्याआधी तिरके आधार बांधावेत. चार काठ्या चौकोनात कितीही घट्ट बांधल्या तरी तो चौकोन ढकलल्यावर कलंडतो. त्याला एक तिरकी काठी लावली की त्याचे त्रिकोण होतात आणि त्रिकोण आकार सोडत नाही. लांबीच्या प्रत्येक भिंतीत दोन गाळे आहेत. त्या प्रत्येक गाळ्यात ३.३ मीटरचा एक आधार एका मेढीच्या पायथ्यापासून शेजारच्या मेढीच्या माथ्यापर्यंत बांधावा, आणि एकाच भिंतीतील दोन आधारांचे कल परस्परविरुद्ध ठेवावेत. मागच्या अरुंद बाजूला, मधल्या मेढीच्या दोन्ही अंगांना, २.४ मीटरचे दोन आधार येतील. पुढच्या बाजूला एका अंगाला दार असल्यामुळे दुसऱ्या अंगाला एकच येईल. फरक स्वतः अनुभवायचा असेल तर आधार बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर कोपऱ्याच्या मेढीला खांद्याने रेटून पाहावे. सरावाच्या वेळी मी नवख्यांना हे हमखास करायला लावतो, कारण त्यानंतर तिरक्या काठीचे महत्त्व त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाशांच्या सहा जोड्या १.१ मीटर अंतराने आढ्यावर आणि बाजूच्या काठ्यांवर बांधाव्यात. वाशांची खालची टोके वळचणीपुरती बाहेर राहतात, त्या टोकांना बारीक काठी आडवी बांधावी, म्हणजे ताडपत्रीला सरळ कड मिळते. बांबूची अणकुचीदार टोके, तारेची वर आलेली टोके आणि खिळ्यांची डोकी यांवर जुन्या कापडाच्या किंवा रबराच्या चिंध्या गुंडाळाव्यात. ताडपत्री वाऱ्याने फाटण्यापेक्षा अशा टोकांवर घासून अधिक फाटते.

छप्पर आणि पकड

ताडपत्री वारा पडलेला असताना चढवावी. ती आधी जमिनीवर घडी घालून आढ्यावर न्यावी आणि दोन्ही पाखांवर उलगडत खाली आणावी. चारही कडांना साधारण १० सेंटिमीटर कापड जास्तीचे राहील, ते कडेच्या काठीभोवती वळवून बांधावे. भोकांतून दोर घालून थेट ओढण्यापेक्षा कापड काठीला गुंडाळून बांधल्यास ताण संपूर्ण कडेवर पसरतो.

जिथे भोक नाही पण दोर बांधायचा आहे, तिथे ताडपत्रीला भोसकू नये. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडाच्या आतून धरावा, बाहेरून मुठीत घेऊन कापड त्याभोवती आवळावे आणि गोट्याच्या मागे तयार झालेल्या मानेला सरकफासाने दोर बांधावा. दोर जितका ओढला जाईल तितकी ही पकड घट्ट होते, आणि कापडाला एकही छिद्र पडत नाही. गोटा खडबडीत असेल तर तो आतून कापड कुरतडतो, म्हणून हातात फिरवून पाहूनच निवडावा.

छप्पर ढोलाच्या पानासारखे ताठ असावे. सैल ताडपत्री वाऱ्यात फडफडते, फडफडताना झटके देते आणि त्या झटक्यांनी गाठी सुटतात. सैल भागात पाणीही साचते, आणि एक घागरभर पाणी साचले की तो भाग आणखी खाली येऊन अधिक पाणी गोळा करतो. छप्पर ताणल्यावर ताडपत्रीवरून तीन दोर आडवे टाकून दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना बांधावेत, म्हणजे कापड वाशांना दाबून धरले जाते. वाशांच्या रेषेतच हे दोर आले तर कापडाला घासत नाहीत.

कोपऱ्याच्या चारही मेढींना बाहेरून ताणाचे दोर द्यावेत. दोर जमिनीशी साधारण ४५ अंशांत असावा. खुंटी किमान ६० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा माथा निवाऱ्यापासून बाहेरच्या बाजूला कललेला असावा, म्हणजे दोर आणि खुंटी यांच्यात जवळपास काटकोन होतो. भुसभुशीत, वाळूच्या किंवा चिखलाच्या जमिनीत खुंटी धरत नाही. तिथे ७५ सेंटिमीटर खोल चर खणून त्यात मीटरभर लांबीचा ओंडका आडवा ठेवावा, त्याच्या मध्याला दोर बांधून तो चराला छेदणाऱ्या तिरक्या खाचेतून वर आणावा आणि चर दगडमातीने ठेचून भरावा. त्या ओंडक्यावरची सगळी माती मग पकडीचे काम करते. ओंडका नसेल तर वाळूने भरलेली गोणी पुरावी. गोण्या छपरावर किंवा कडेला नुसत्या ठेवणे मात्र फसवे आहे, कारण चार गोण्यांचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते आणि आपला हिशेब टनाचा आहे. उंचावर ठेवलेली गोणी खाली कोसळण्याचा धोका तर वेगळाच.

पायाला वजन मिळवण्याचा मार्ग परिस्थितीनुसार बदलतो. १९९५च्या कोबे येथील भूकंपानंतर जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या भिंतींची घरे उभारली, तेव्हा पायासाठी बाटल्यांचे प्लास्टिकचे क्रेट वाळूच्या गोण्यांनी भरून वापरले होते. २००१च्या भूकंपानंतर भूजमध्ये तसे क्रेट उपलब्ध नव्हते, म्हणून पडलेल्या घरांचा राडारोडाच पायात घातला गेला. हलक्या भिंती आणि जड पाया, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि आपल्या भोवती जे जड पडलेले आहे ते पायात घालण्याची बुद्धी त्यातून घ्यावी.

भिंती, चर आणि जमीन

दुसरी ताडपत्री लांबीच्या दिशेने मधोमध कापली की २ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब अशा दोन पट्ट्या मिळतात. भिंत १.८ मीटर उंच आहे. वर वळचणीखाली १५ सेंटिमीटरची मोकळी फट ठेवावी, तिच्यातून हवा खेळते आणि वळचणीमुळे पाऊस आत येत नाही. खाली उरलेले साधारण ३५ सेंटिमीटर कापड बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली दाबावे. ते आत वळवले तर भिंतीवरून उतरलेले पाणी थेट अंथरुणाखाली येते. तिसरी ताडपत्री रुंदीत कापून ४ गुणिले ३ मीटरचे दोन तुकडे करावेत, ते पुढच्या-मागच्या बाजूंना पुरतात. आढ्याखालच्या त्रिकोणात दोन्हीकडे वितभर झरोका राखावा. बंद निवाऱ्यात रात्रभर श्वासातील बाष्प छपराला आतून चिकटते आणि पहाटे थेंबथेंब अंगावर पडते, त्याला माणसे गळती समजतात.

५० मिलिमीटर पाऊस पडला तर या छपरावरून सुमारे १,००० लिटर पाणी खाली येते. म्हणून भिंतीपासून ४०-५० सेंटिमीटर अंतरावर चारही बाजूंनी २० सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल चर काढावा आणि उताराच्या बाजूला त्याचे तोंड मोकळे सोडावे. ते तोंड शेजाऱ्याच्या दारात उघडत नाही ना, हे पाहावे. खोदलेली माती आत टाकून जोते १५ सेंटिमीटर उंच करावे, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावे आणि त्यावर प्लास्टिक, मग चटई अंथरावी. पाणी चढण्याचा धोका असेल तिथे बांबूचे माचाण करून झोपण्याची जागा जमिनीपासून उचलणे अधिक बरे.

राहायला लागल्यावर

चूल निवाऱ्याच्या आत पेटवू नये. ताडपत्री जळते आणि वितळून अंगावर ठिबकते, आणि कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे झोपेतच जीव घेतो. थंडीत शेगडी आत आणून दार बंद करण्याचा मोह होतो, त्या वेळी घरातील जबाबदार माणसाने ठामपणे नाही म्हणावे. प्रत्येक निवाऱ्याच्या दाराशी वाळूची बादली ठेवावी.

शौचालय निवाऱ्यापासून ५० मीटरपेक्षा लांब नसावे, नाहीतर रात्री स्त्रिया आणि मुले तिथे जाणे टाळतात. सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि लवकरच २० माणसांमागे एक, असे प्रमाण गाठावे. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर राहावा. पिण्याला, स्वयंपाकाला आणि स्वच्छतेला मिळून माणशी रोज १५ लिटर पाणी धरावे. दारांना आतून कडी, वाटेवर दिवा आणि म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांसाठी पायरीऐवजी उतार, या गोष्टी नंतर जोडायच्या म्हणून मागे टाकू नयेत, कारण नंतर त्या जोडल्या जात नाहीत.

काही महिन्यांसाठी, काही वर्षांसाठी

चांगला आपत्कालीन निवारा फेकून द्यावा लागत नाही, तो वाढत जातो. सांगाडा भक्कम असेल तर त्याच वाशांवर आडव्या पट्ट्या मारून पन्हाळीचे पत्रे चढवता येतात. पत्र्याला खिळा नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर, वायसर घालून मारावा, खोलगट भागात मारल्यास तिथूनच गळते. वळचण, आढे आणि दोन्ही टोके या जागी वारा सर्वाधिक उचलतो, म्हणून तिथे खिळे जवळजवळ मारावेत. पत्रे आल्यावर उतरलेली ताडपत्री पत्र्याखाली वितभर अंतर सोडून ताणली तर दुपारचा ताप बराच कमी होतो. भिंतींना बांबूच्या कामट्यांचा कूड विणून मातीचा गिलावा करता येतो, मात्र जोत्याजवळचा हातभर भाग दगडाचा किंवा चुन्याच्या गिलाव्याचा करावा, तिथे माती पावसाच्या तुषारांनी झिजते.

निवारा पुढे हलवता येईल असा असावा, हेही जुन्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे. १९०६च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेघर लोकांसाठी लाकडी फळ्यांच्या ५,६१० लहान खोल्या बांधल्या गेल्या. छावण्या बंद झाल्या तेव्हा अनेक कुटुंबांनी त्या खोल्या घोड्यांकरवी ओढून आपापल्या जागेवर नेल्या, आणि त्यांपैकी काही आजही उभ्या आहेत. बांधणी दोराची आणि बोल्टची ठेवली, काठ्या नेमक्या मापाच्या कापल्या आणि खुणा केल्या, तर आपलाही सांगाडा असाच सोडवून, पुन्हा उभारून पक्क्या घराच्या छपरात वापरता येतो.

देखभालीचे काम थोडे पण नियमित असते. दर आठवड्याला सगळे दोर हाताने दाबून पाहावेत, सैल झालेले आवळावेत, चरातील गाळ काढावा. मोठ्या वाऱ्यानंतर कोपऱ्यांच्या मेढींभोवतीची माती पाहावी : मेढ आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसली तर मेढ हललेली आहे, ती त्याच दिवशी दगड घालून ठेचावी. ताडपत्रीला लहान भोक पडले तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, आणि फाट पुढे सरकत असेल तर तिच्या टोकाशी आधी कात्रीने लहान गोल छिद्र घ्यावे, मग ठिगळ लावावे.

राखून ठेवलेला संच कोरड्या जागी, जमिनीपासून उंच आणि उंदरांपासून सुरक्षित ठेवावा. पावसाळ्याच्या किंवा वादळी हंगामाच्या महिनाभर आधी तो उघडून ताडपत्री उन्हात पूर्ण उलगडावी, जुन्या घड्यांच्या रेषा प्रकाशासमोर धरून पाहाव्यात आणि परत ठेवताना घडी नव्या रेषांवर घालावी. दोर पिळून पाहावा, हत्यारांना धार लावून तेल पुसावे आणि पेटीच्या झाकणावर आतून तपासणीची तारीख, सामानाची यादी आणि पेटीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवावे.